वही, छापील पान आणि समास : हुबळी-धारवाडच्या मराठी स्वयंपाकघरातील पाककृतींचा प्रवास

कोणत्याही जुन्या मराठी ग्रंथालयाचे दाखलपुस्तक चाळले, तर कादंबऱ्या, नाटके, चरित्रे आणि संतवाङ्मय यांच्या नोंदी ओळीने भेटत जातात. पाकशास्त्राच्या पुस्तकाची नोंद मात्र मधूनच कोठे तरी आढळते आणि तिच्या शेवटच्या रकान्यात बहुधा ‘जीर्ण’ किंवा ‘गहाळ’ असा शेरा असतो. या शेऱ्यावरून त्या पुस्तकाला वाचक नव्हते असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. ज्या पानांवर हळदीची बोटे उमटली, जी चुलीजवळ उघडी ठेवली गेली आणि शेजारणीकडून शेजारणीकडे फिरली, ती पाने वापरामुळेच झिजली. मुद्रणकलेने घरगुती पाककृतींना काय दिले, याचा विचार हुबळी-धारवाडसारख्या द्विभाषिक जोडशहरात करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. छापील पानाने पाककृती दूरवर पोहोचवली हे निर्विवाद आहे; परंतु पोहोचलेली पाककृती या मातीत रुजवली कोणी आणि ती टिकवली कोणी, या प्रश्नाचे उत्तर केवळ छापखान्याच्या इतिहासात सापडत नाही.

हा मुलूख पाकविद्येच्या ग्रंथांना कधीच पारखा नव्हता. कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीत, सुमारे इ. स. १०२५ मध्ये, चावुंडराय याने ‘लोकोपकार’ हा कानडी ग्रंथ रचला. शेती, भूजलाचा शोध, ज्योतिष अशा लोकोपयोगी विषयांबरोबर त्यात पाकविद्येलाही स्थान आहे. त्यानंतर शंभर वर्षांनी, ११२९-३० च्या सुमारास, त्याच घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मंडक, पूरिका, वटक, इडरिका, धोसक अशी नावे येतात आणि आजचे मांडे, पुरी, वडे, इडली व डोसा यांचे पूर्वज त्यांत ओळखू येतात. सोळाव्या शतकाच्या आरंभी तिसऱ्या मंगरसाने कानडीत ‘सूपशास्त्र’ हे पद्यबद्ध पाकशास्त्र लिहिले. तंजावरच्या मराठी राजांच्या आश्रयालाही या विद्येचे वावडे नव्हते. रघुनाथ पंडिताचा ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ आणि सरफोजीराजांच्या नावाने प्रसिद्ध असलेले ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ ही त्याची उदाहरणे होत.

तथापि ही सारी संपदा राजवाड्याची, विद्वानांची आणि हस्तलिखितांची होती. एखाद्या ग्रंथाच्या दोन-चार प्रती होत, त्या पोथ्यांच्या बासनात राहत आणि चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीच्या हाती त्या पडण्याचा संभव नसे. ‘मानसोल्लास’ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून छापून निघू लागला तो १९२५ पासून. म्हणजे रचनेनंतर जवळजवळ आठशे वर्षांनी. तोवर राजाच्या ताटातील पदार्थ पोथीने सांभाळले, आणि प्रजेच्या ताटातील पदार्थ स्त्रियांच्या स्मरणाने सांभाळले.

हे स्मरण विलक्षण चिवट होते. त्याचे माप म्हणजे मूठ, चिमूट, ओंजळ आणि सर्वांत महत्त्वाचा तो ‘अंदाज’. सासूच्या हाताकडे पाहत सून शिके, आणि काही वर्षांनी तिच्या हाताकडे पाहत तिची सून शिकू लागे. या परंपरेला एकच दुबळी बाजू होती. शिकवणारी आणि शिकणारी या दोघी एकाच घरात, एकाच चुलीपाशी असल्या पाहिजेत, ही तिची अट होती. त्यांची ताटातूट झाली की विद्या खंडित होई. हुबळी-धारवाडच्या मराठी कुटुंबांत ही ताटातूट वारंवार घडली. सांगली, मिरज, कोल्हापूर, बेळगाव, कारवार अशा ठिकाणच्या मुली या शहरांत सून म्हणून आल्या. कचेऱ्या, शाळा, कापसाचा व्यापार, गिरण्या आणि पुढे रेल्वेचा कारखाना यांच्या निमित्ताने कित्येक कुटुंबे एकटीच येऊन स्थायिक झाली. कोकणातून आलेल्या मुलीने ज्वारीची भाकरी कधी थापलेली नसे, तर देशावरून आलेलीला नारळाच्या रसाचे प्रमाण ठाऊक नसे. आई दूर, सासू कधी नसलेली, आणि शेजारीण कानडी बोलणारी. अशा स्त्रीला छापील पुस्तकाचा आधार किती मोलाचा वाटला असेल, याची कल्पना करता येते.

मराठी मुद्रणाने हा आधार देण्यास बराच वेळ घेतला. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग काढले. त्याच वर्षी बंगालीत ‘पाकराजेश्वर’ हे पाकशास्त्राचे पुस्तक छापले गेले. दक्षिणेकडे बाझेल मिशनचे पाद्री १८३७ मध्ये धारवाडला आणि १८३९ मध्ये हुबळीला येऊन पोहोचले, आणि १८४१ मध्ये मिशनने मंगळूरला छापखाना घातला. या छापखान्यांतून धर्मग्रंथ, पंचांगे, क्रमिक पुस्तके आणि व्याकरणे बाहेर पडत होती. स्वयंपाक हा छापण्याजोगा विषय आहे, असे मानले जाण्यास मराठीत आणखी चार दशके जावी लागली. १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिले छापील पाकपुस्तक म्हणून ते ओळखले जाते. त्याचा कर्ता पुरुष होता, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. लेखणी त्या काळी बहुतांशी पुरुषांच्या हाती होती. त्यानंतरच्या वर्षी, १८७६ मध्ये, अमेरिकेत मेल्विल ड्यूई यांनी ग्रंथांच्या दशांश वर्गीकरणाची पद्धती प्रसिद्ध केली. तीत पाकशास्त्राला उपयुक्त कलांच्या शाखेत, वैद्यक आणि अभियांत्रिकीच्या पंक्तीला जागा मिळाली. ग्रंथालयात ६४१.५ हा क्रमांक मिरवणारी पुस्तके त्याच योजनेनुसार मांडली जातात.

पुस्तक छापले गेले तरी ते येथवर पोहोचावे कसे, हा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर टपाल आणि आगगाडी यांनी दिले. १८७७ मध्ये हिंदुस्थानात व्ही. पी. पद्धत सुरू झाली आणि पुस्तक दारात आल्यावर पोस्टमनच्या हाती पैसे देण्याची सोय झाली. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा सारा टापू मिरज-पुण्याशी जोडला. हुबळीला तिचा कारखाना उभा राहिला, आणि धारवाडला तिच्या मुख्यालयासाठी बांधलेल्या इमारतीत पुढे कर्नाटक कॉलेज नांदू लागले. या गाडीने कापसाच्या गाठी नेल्या आणि येताना पुण्या-मुंबईची मासिके व पुस्तके आणली. सर्वच घरांना पुस्तक विकत घेणे परवडत नव्हते. तेथे ग्रंथालय उपयोगी पडले. घरातील पुरुषाच्या नावावर वर्गणी असे आणि कादंबरीबरोबर ‘घरच्यांसाठी’ म्हणून एखादे पाकशास्त्र नेले जाई. परतीची तारीख येण्यापूर्वी हव्या त्या कृती वहीत उतरवून घेतल्या जात. येथेच छापील पान आणि हस्तलिखित वही यांची गाठ पडली, आणि पुढील सारा इतिहास या गाठीचा आहे.

मुद्रणाच्या या प्रवासातील मोठा टप्पा १९१० मध्ये आला. त्या वर्षी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. स्वतः स्वयंपाकघरात वावरणाऱ्या स्त्रीने हजार कृतींचा संग्रह सिद्ध करावा, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. लक्ष्मीबाई मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातील. त्या समाजाचे सामिष-निरामिष पदार्थ, पक्वान्ने आणि मसाले यांची ओळख त्यांच्या पुस्तकाने इतर मराठी समाजांना करून दिली. तोवर एका जातीचा स्वयंपाक दुसऱ्या जातीला लग्नकार्याच्या पंगतीत दिसे, आणि तोही क्वचित. कारण पंगतीही वेगळ्या बसत. छापील पुस्तक सोवळे-ओवळे पाळत नाही. ते जो वाचील त्याच्या घरी जाते. घराघरांतील आणि जातीजातींतील भिंतींना मुद्रणाने पाडलेली ही लहानशी खिडकी होती, आणि पाककृतींच्या देवघेवीच्या इतिहासात तिचे महत्त्व फार मोठे आहे.

पुस्तकाहूनही अधिक वेगाने हे काम मासिकांनी केले. या संदर्भात हुबळी-धारवाडच्या वाचकाला आपुलकी वाटावी असे नाव किर्लोस्करांचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. त्यांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळच्या माळावर, किर्लोस्करवाडी वसवली. तेथून शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये मासिक सुरू केले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही त्याची भावंडे जन्माला आली. शिक्षण, विवाह, आरोग्य, मतदान अशा विषयांवर धीट लेखन छापणारे ‘स्त्री’ मासिक दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील मराठी घरांत मोठ्या उत्सुकतेने वाचले जाई. नियतकालिकाचा एक गुण पुस्तकात नसतो. पुस्तक एकतर्फी सांगते, तर मासिकाला वाचक उलट पत्र लिहू शकतो. इंग्लंडमध्ये इझाबेला बीटन यांचा १८६१ चा गृहव्यवस्थेवरील सुप्रसिद्ध ग्रंथही पतीच्या स्त्रियांसाठीच्या मासिकातून वाढत गेला होता आणि त्या मासिकाच्या वाचक स्त्रियांनी पाठवलेल्या कृतींचा त्याला हातभार लागला होता. मराठीतही मासिकांमुळे वाचणारी स्त्री ही सांगणारी स्त्री होऊ शकली. एखाद्या खेड्यातील गृहिणीने पाठवलेली कृती तिच्या नावासह छापून आली की जे कसब तोवर ‘घरकाम’ म्हणून गणले जाई, त्याला लेखनाची प्रतिष्ठा लाभे.

व्यक्तीच्या पुढे जाऊन मंडळाने पाककृती छापाव्यात, याचे नमुनेदार उदाहरण म्हणजे ‘रसचंद्रिका’. मुंबईच्या गावदेवी भागातील सारस्वत महिला समाजाने गेल्या शतकाच्या चाळिशीत हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले. त्याचे संकलन अंबाबाई संशी यांच्या नावावर आहे. संशी हे नाव धारवाडकरांच्या कानाला परके नाही. कुंदगोळ तालुक्यात त्याच नावाचे गाव आहे. चित्रापूर सारस्वतांची घरची बोली कोकणी. त्यांची मूळ वस्ती कारवार-मंगळूरच्या किनारपट्टीची, आणि नोकरी-व्यवसायानिमित्त ते मुंबईपासून हुबळी-धारवाडपर्यंत पसरलेले. अशा विखुरलेल्या समाजाच्या स्त्रियांनी आपला स्वयंपाक मराठी लिपीत आणि मराठी भाषेत नोंदवून ठेवला, कारण किनारा सोडून आलेल्या पुढच्या पिढीला आंबट, सुकी आणि घश्शी यांतला फरक सांगणारी आजी प्रत्येक घरात असणार नव्हती. पुढे त्याचे इंग्रजी रूपांतरही निघाले. कोकणीत बोललेले, मराठीत छापलेले, कानडी मुलखात शिजवलेले आणि अखेर इंग्रजीत वाचले गेलेले हे पुस्तक या प्रदेशाच्या भाषिक वास्तवाचे चालतेबोलते उदाहरण आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६४ मध्ये, फिलाडेल्फिया येथील मदतमेळ्यासाठी मारिया मॉस यांनी पाकपुस्तक छापले आणि तेथून स्त्रियांच्या मंडळांनी अशी पुस्तके काढण्याची प्रथा रूढ झाली. सारस्वत महिला समाजाचे पुस्तक त्याच जातीचे. एकट्या लेखिकेची कीर्ती वाढवण्यापेक्षा समाजाची सामाईक ठेव सांभाळणे हा त्याचा हेतू होता.

कृती छापणे म्हणजे केवळ बोललेले शब्द टंकात बसवणे नव्हे. खरी अडचण मापाची होती. जुन्या पाककृतींतील शेर, पावशेर, तोळे, मासे यांचे मूल्य प्रांताप्रांतांत बदले. त्यातही काही जिन्नस वजनाने आणि काही मापाने घेतले जात. ‘बेताचे मीठ’, ‘मंदाग्नी’, ‘खमंग वास येईपर्यंत’ अशा सूचना ज्याला आधीच स्वयंपाक येतो त्यालाच कळत. बोस्टनच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ मध्ये सपाट भरलेल्या कपाचा आणि चमच्याचा आग्रह धरून इंग्रजी पाकपुस्तकांना नवे वळण लावले. मराठीत हे काम सर्वांत परिणामकारकपणे केले ते १९७० च्या ‘रुचिरा’ने. तिच्या लेखिका कमलाबाई ओगले यांचा जन्म १९१३ मध्ये कुंडल या गावी झाला. ज्या कुंडल रोड स्थानकाशेजारी किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेच हे कुंडल. पुस्तकही किर्लोस्करांच्याच प्रकाशनातून निघाले. शालेय शिक्षण चौथीपर्यंतच झालेल्या या लेखिकेने प्रत्येक घरात असणारी वाटी आणि चमचा ही मापे प्रमाण मानली. दशमान वजने नुकतीच अंगवळणी पडत असताना, तराजू नसलेल्या स्वयंपाकघराला हे माप सोपे वाटले. ‘रुचिरा’च्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. लग्न होऊन निघालेल्या मुलीच्या सामानात आणि परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या पेटीत तिला कायमची जागा मिळाली. अंदाजाचे रूपांतर वाटीत झाले, आणि त्यामुळे शिकवणारी व शिकणारी एका चुलीपाशी असण्याची जुनी अट शिथिल झाली.

पुस्तक, मासिक यांच्या जोडीला मुद्रणाची आणखी साधी रूपेही स्वयंपाकघरात शिरली. बेळगावहून १९१९ पासून निघणाऱ्या ‘तरुण भारत’सारख्या दैनिकांच्या पुरवण्या, १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने पाडलेल्या प्रथेनुसार दरवर्षी येणारे दिवाळी अंक, आणि १९७३ पासून भिंतीवर टांगले गेलेले ‘कालनिर्णय’ ही त्यांतली ठळक नावे. दिनदर्शिकेच्या पानामागे छापलेली पाककृती ही मुद्रणाची सर्वांत लोकशाही पायरी म्हणता येईल. तिला वेगळे पैसे पडत नाहीत, ती शोधावी लागत नाही, आणि महिना उलटला की पान फाडून वहीत चिकटवता येते. कानडी आवृत्तीमुळे शेजारच्या घरातही तीच सवय लागली.

इतके झाल्यावर मुद्रणाने सर्व काही जतन केले, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु छापील पुस्तकांची अनुक्रमणिका हुबळी-धारवाडच्या मराठी ताटाशी ताडून पाहिली, तर एक मोठी उणीव नजरेत भरते. पाकपुस्तके मुख्यतः मुंबई-पुण्यात लिहिली गेली आणि त्यांत ‘महाराष्ट्रीय’ म्हणून जे पदार्थ प्रमाण ठरले, ते प्रायः तेथील मध्यमवर्गीय घरांतील होते. या जोडशहरातील मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या कानडी शेजाराशी जी देवघेव केली, तिचे प्रतिबिंब त्या अनुक्रमणिकांत फारसे पडलेले नाही. कडक भाकरी आणि तिच्याबरोबरची शेंगांची चटणी, ताज्या लाल मिरच्यांचा रंजका, एण्णगायीच्या वळणावर गेलेले भरले वांगे, अंबाडीची पुंडी पल्ल्या, गव्हाची मादली, सणाची हुग्गी, संध्याकाळचे गिरमिट आणि त्याच्या जोडीची मिरची भजी ही या ताटाची ओळख. कटाच्या आमटीला येथे होळिगे सारू म्हणणारी आणि दोन्ही नावे एकाच वाक्यात वापरणारी मराठी घरे आहेत. द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी आणि काव्यभाषा कानडी होती, हे धारवाडकर अभिमानाने सांगतात. येथील स्वयंपाकघरानेही हेच द्वैभाषिक्य निःशब्दपणे पाळले.

काही विद्या तर मुद्रणापासून हेतुपुरस्सर दूर राहिल्या. धारवाडचा पेढा एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातील उन्नावहून येथे आलेल्या ठाकूर घराण्याने नावारूपाला आणला. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची कीर्ती देशभर झाली. पण खव्याला तो विशिष्ट तांबूस रंग आणि चव आणण्याची रीत ही घराण्याची ठेव म्हणूनच जपली गेली. सावजी खानावळींच्या रश्श्याचा मसालाही घरोघरच्या गुपितांत मोडतो. व्यवसायाला गुपित शोभते आणि परवडते, कारण दुकान चालू असेतो ते हातोहाती पुढे जाते. घरगुती स्वयंपाकाला गुपित परवडत नाही. घरातील शेवटची जाणती स्त्री गेली की त्याच्यामागे दुकानही उरत नाही आणि पाटीही उरत नाही.

मग छापील पुस्तकात नसलेला हा स्वयंपाक राहिला कोठे? तो राहिला पुस्तकांच्या समासात आणि जुन्या वह्यांत. पुण्याच्या पुस्तकात ‘कारळे’ असे छापलेले असे आणि बाजारात भाजीवाली ‘गुरेळ्ळ’ म्हणे. तेव्हा समासात पेन्सिलीने ‘गुरेळ्ळ’ लिहिले जाई. शेपूपुढे ‘सब्बसगी’, जवसापुढे ‘अगसी’, तुरीच्या डाळीपुढे ‘तोगरी बेळी’ अशा नोंदी होत. तिखटाच्या जागी ‘ब्याडगी, दुप्पट घेणे’ अशी दुरुस्ती केली जाई, कारण ब्याडगी मिरची रंगाने गडद पण तिखटाने सौम्य. साखरेच्या जागी गूळ, तांदळाच्या जागी ज्वारी, ओल्या नारळाच्या जागी शेंगदाण्याचे कूट अशी ही मालिका वाढत जाई. या दुरुस्त्या म्हणजे पुस्तकाचा अनादर नव्हे. परगावच्या ग्रंथाला इथल्या पाण्याची आणि इथल्या बाजाराची चव देणारे ते भाष्य होते. संस्कृत ग्रंथांवर पंडितांनी टीका लिहिल्या, त्याच न्यायाने गृहिणींनी पाकपुस्तकांवर टीका लिहिल्या. पंडितांच्या टीका ग्रंथालयांनी कापडी बासनात जपल्या, गृहिणींच्या मात्र रद्दीत गेल्या, एवढाच फरक.

वह्यांची स्थिती याहून नाजूक आहे. जुन्या हिशेबाच्या वहीत किंवा शाळेच्या उरलेल्या पानांवर उतरवलेल्या कृती, त्यांमध्ये चिकटवलेली मासिकांची कात्रणे, कोणा वन्संनी किंवा मावशींनी सांगितलेल्या लाडवाच्या पाकाची खूण, पापडखाराचे प्रमाण आणि बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांची यादी असे या वह्यांचे स्वरूप असते. कृती जिने दिली तिचे नाव शीर्षकातच लिहिण्याची पद्धत अनेक वह्यांत दिसते. त्यामुळे अशी वही पाकशास्त्राबरोबर एका घराच्या नात्यागोत्याचा इतिहासही सांगते. अशा वह्या दोन बाजूंनी काळाच्या तडाख्यात सापडल्या आहेत. कागद आम्लाने पिवळा पडून तुटत चालला आहे, ही एक बाजू. दुसरी अधिक गंभीर. धारवाड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आला. त्यानंतरच्या पिढ्या बहुतांशी कानडी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकल्या. त्या घरी मराठी बोलतात, परंतु आजीचे जोडाक्षरी देवनागरी वळण त्यांना सहज वाचता येईलच असे नाही. सर्वांत जुन्या वह्यांतील काही नोंदी मोडीत असतील, तर त्या वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. एकाच चुलीपाशी असण्याची जी अट छापील पुस्तकाने शिथिल केली होती, ती लिपीच्या रूपाने पुन्हा आडवी आली आहे.

२०१४ मध्ये हुबळीचे अधिकृत नाव ‘हुब्बळ्ळी’ असे झाले, तरी घरातल्या मराठीत ती हुबळीच राहिली. स्वयंपाकघरातील भाषाही अशीच कागदोपत्री बदलांना न जुमानता चालत आली आहे, म्हणून ती आपोआप चालतच राहील असा भरवसा मात्र धरता येत नाही. शंभर वर्षे पुस्तके देवघेव करणाऱ्या मराठी ग्रंथालयाने या बाबतीत करण्याजोगे काम अवघड नाही. सभासदांच्या घरांतील वह्या आणि समासांत नोंदी असलेली जुनी पाकपुस्तके काही दिवसांसाठी मागून घ्यावीत, त्यांची छायाचित्रे काढावीत, मूळ वह्या सन्मानाने परत कराव्यात. ज्यांना वाचता येते अशा वडीलधाऱ्या स्त्रियांकडून त्या वाचून घेऊन सुवाच्य लिहून घ्याव्यात. पदार्थांची व जिनसांची मराठी-कानडी नावे शेजारी शेजारी मांडावीत आणि कृती देणाऱ्या स्त्रीचे नाव, तिच्या घरच्यांच्या संमतीने, तिच्या कृतीवर कायम ठेवावे. माप वाटीचे असो वा मुठीचे, ते जसे लिहिले असेल तसेच उतरवावे. सुधारून घेण्याचा मोह टाळावा. अशा संग्रहाची छापील प्रत निघाली, तर ६४१.५ या क्रमांकाखाली पुण्या-मुंबईच्या ग्रंथांशेजारी या जोडशहराचे स्वतःचे पुस्तक उभे राहील.

मुद्रणाने पाककृतींना पाय दिले, त्यांना जातीच्या आणि गावाच्या सीमा ओलांडू दिल्या, अंदाजाला माप दिले आणि अनाम कसबाला नाव दिले. त्याचे हे ऋण मान्य करूनही, हुबळी-धारवाडच्या मराठी स्वयंपाकाची खरी हकीकत अद्याप छापखान्याच्या दाराशी पोहोचलेली नाही. ती अनेक घरांत, फडताळाच्या वरच्या कप्प्यात, तेलकट पुठ्ठ्याच्या वहीत पडून आहे. ज्यांना ती वाचता येते अशा स्त्रिया आज ऐंशीच्या घरात आहेत. ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकातील पहिल्या कामांत या वह्यांची गणना व्हावी, असे म्हणण्यास एवढे कारण पुरेसे आहे.